राउटरच्या प्रत्येक दारास स्वतंत्र पत्ता

सुरत शहरातील लिंबायत ही कामगारांची वस्ती. कापडधंद्याच्या ओढीने खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली आहेत. त्यांनी जळगावास धाडलेल्या पत्रावर ४२५ ने सुरू होणारा पिन क्रमांक असला, की घर शोधण्यापूर्वीच पत्र कोणत्या दिशेस पाठवावयाचे हे टपाल खात्यास कळते. खात्यातील अधिकारी व संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी अंमलात आली. संगणकाचा आयपी पत्ताही याच धर्तीचा आहे. त्याचा आरंभीचा भाग जाळे दर्शवितो व उरलेला भाग त्या जाळ्यातील संगणक.

समजा, लिंबायतमधील एखाद्या मराठी शाळेस कार्यालय व संगणककक्ष यांची जाळी वेगळी ठेवावयाची आहेत. मुलांच्या हातून गुणपत्रकांच्या नोंदींना धक्का लागू नये, हा हेतू. ही जाळी राउटर जोडतो. कोणास जाऊ द्यावे याचे नियम त्यावर निराळे लिहावे लागतातच. परंतु त्याआधी पत्ते नीट वाटले पाहिजेत. येथे पुष्कळांची गल्लत होते. पत्ता राउटरला नव्हे, तर त्याच्या प्रत्येक इंटरफेसला, म्हणजे दाराला द्यावयाचा असतो आणि प्रत्येक दाराचे जाळे निराळे असावे लागते.

खासगी वापरासाठी राखलेल्या पत्त्यांपैकी १९२.१६८.१०.० हा गट घेऊ. त्यास २५५.२५५.२५५.१९२ हा सबनेट मास्क लावला, की ६४ पत्त्यांचा एक असे चार भाग पडतात. ० ते ६३ कार्यालयास व ६४ ते १२७ संगणककक्षास द्यावेत. प्रत्येक भागातील पहिला पत्ता जाळ्याची ओळख म्हणून व शेवटचा सर्वांना एकदम हाक देण्यासाठी राखीव असल्याने वापरास ६२ उरतात. कार्यालयाकडील दारास १९२.१६८.१०.१ व संगणककक्षाकडील दारास १९२.१६८.१०.६५ हे पत्ते द्यावेत. काही राउटरांचे दार मुळात बंद असते. ते आदेश देऊन उघडावे लागते.

आता संगणककक्षातील १९२.१६८.१०.७० या संगणकास २५५.२५५.२५५.० असा मास्क दिला गेला, तर काय होईल? कार्यालयातील १९२.१६८.१०.२० हा संगणक त्यास शेजारीच वाटेल. तो राउटरकडे न वळता आपल्याच खोलीत हाका मारील व उत्तर येणार नाही. अशा वेळी तारेस दोष देऊन नवी तार आणली जाते, आणि शाळेचा पैसा मात्र वाया जातो! तार बदलण्यापूर्वी मास्क पाहावा. तसेच त्या संगणकात बाहेरचे दार म्हणून १ नव्हे, तर ६५ या अंकाचा पत्ता लिहिला आहे ना, हेही पाहावे.