तरवड, भुंगा आणि वांगे

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर, पाथर्डी, जामखेड या कमी पावसाच्या भागांत माळावर व बांधावर तरवडाची पिवळी फुले दिसतात. गुरे हे झुडूप सहसा खात नाहीत; म्हणून ते टिकते. या फुलात मध नसतो, केवळ पराग असतो. आणि तोही परागकोशाच्या टोकावरील बारीक छिद्रातूनच बाहेर पडतो. काळा भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवितो, तेव्हा पराग झडतो. पोळ्यातील मधमाशीस हे साधत नाही. वांग्याच्या फुलाची रचनाही अशीच असते. तेव्हा निरुपयोगी म्हणून तरवड तोडला आणि लाकूड पोखरतो म्हणून भुंगा मारला, तर परसातील वांग्यांची फळधारणा उणावू शकते.

शिक्षकांनी वाळलेल्या शेंगांतील बी मुलांकडून जमवावे. त्याचे कवच टणक असल्याने ते वाळूत घासून रात्रभर भिजवावे व पावसाच्या आरंभी शाळेच्या आणि घराच्या कुंपणालगत पेरावे. भुंग्याच्या घरट्यासाठी एखादा वाळका ओंडका राहू द्यावा. झुडूप फुलल्यावर मुलांना शांतपणे ऐकण्यास सांगावे. उडतानाच्या गुंजारवापेक्षा फुलावरचा स्वर चढा असतो. तो भेद मुलांना ओळखता आला, की परागीभवनाचा धडा त्यांना निराळा समजावून सांगावा लागत नाही.