आधी सगळ्यांना मिळायचं, आता जास्त पैसे भरणाऱ्यालाच: हा प्रश्न संशोधनात कसा मांडायचा?

गेल्या वर्षी आजीला पहिल्यांदा विमानात बसवलं. तीन तिकिटं, एकाच वेळी काढलेली. चेक-इन करताना कळलं की शेजारशेजारी बसायचं असेल तर प्रत्येक सीटचे वेगळे पैसे. फुकटात मिळतील त्या सीट घेतल्या, तर आई नवव्या रांगेत, मी सतराव्या आणि आजी सव्विसाव्या रांगेत दोन अनोळखी माणसांच्या मध्ये. शेवटी पैसे भरले. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं आहे आजीचं वाक्य: "तिकीट काढलंय ना आपण? मग एकत्र बसायचे पैसे कसले?"

आजीला वर्ग नवीन नाहीत. लालबागच्या चाळीतून ती लग्नानंतर कितीतरी वर्षं भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं कोकणात जायची. वरच्या डेकवर कोण आणि खालच्या डेकवर कोण, हे ती अजून सांगते. पण तिच्या मते ते सरळ होतं. खालच्या डेकचं तिकीट काढलं की काय मिळणार ते माहीत असायचं. आता तिकीट तेच राहतं आणि त्यातली एकेक गोष्ट काढून वर ठेवली जाते.

क्रूझच्या धंद्यात हे सगळ्यात ठळक दिसतं. जुन्या अटलांटिक बोटींवर वर्गांचे डेक वेगळे असत. पुढे सुट्टीची क्रूझ आली, तेव्हा खोली लहान-मोठी असली तरी जेवणाची जागा, पोहण्याचा तलाव, डेक हे बहुतेक सगळ्यांचं असायचं. मग पुन्हा भिंती आल्या. नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर 'हेवन' नावाचा वेगळा भाग असतो, त्याचा तलाव वेगळा, रेस्टॉरंट वेगळं, आत जायला कार्ड लागतं. याच कंपनीनं २०१५ मध्ये रूम सर्व्हिसवर ७.९५ डॉलर आकार लावला, सुईटवाल्यांना मात्र तो माफ. आपल्या बॅलार्ड पियरवरून २०२१ पासून सुटणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० साली रॉयल कॅरिबियनसाठी बांधलेलं आहे. त्यात बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच आहेत, कारण ते बांधलं तेव्हा जहाजाचे असे तुकडे पाडायची रीत नव्हती. जहाजाचा नकाशा हासुद्धा डेटा असतो, हे लक्षात ठेवा.

आता मुद्द्यावर येऊ. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताय. "विषय काय?" असं विचारलं की उत्तर येतं, "कंपन्या ग्राहकांना लुबाडतात, त्यावर काम करायचंय." ही तक्रार झाली. तक्रारीतून प्रश्न काढायचा तर आधी विचारावं लागतं, की सोय का काढून घेतली गेली याची वेगवेगळी कारणं कोणती असू शकतात, आणि कुठला पुरावा मिळाला तर त्यातलं एखादं खोटं ठरेल?

सगळ्यात सोपं कारण खर्चाचं. सोय द्यायला पैसे लागतात, म्हणून जो वापरेल त्यानं भरावे. विमानातल्या जेवणाला हे लागू पडतं. पण आजीच्या सीटला? मी नवव्या रांगेत बसलो काय आणि आजीशेजारी बसलो काय, विमानाला इंधन तेवढंच लागतं.

इथे झ्यूल द्युप्युई हा फ्रेंच माणूस मदतीला येतो. हा रस्ते आणि पूल बांधणारा इंजिनीअर. १८४९ मध्ये त्यानं रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल लिहिलं. त्या डब्यांना छप्पर नसायचं, बाकं लाकडी असायची. तो म्हणतो, छपराला फारसा खर्च येत नाही आणि कंपनीला गरिबांचा रागही नाही. पण तिसरा वर्ग बरा केला तर दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणारे लोक तिसऱ्यात बसतील. म्हणजे खालच्या डब्यातला त्रास हा वरच्या डब्याचं कुंपण असतो.

हा युक्तिवाद पुढे १९९६ मध्ये डेनेकेरे आणि मॅकॅफी या अर्थशास्त्रज्ञांनी गणितात मांडला. त्यांचं एक उदाहरण संगणकवाल्यांना आवडेल. इंटेलची ४८६ एसएक्स ही स्वस्त चिप म्हणजे महागडी ४८६ डीएक्सच, फक्त तिच्यातला गणिती भाग बंद केलेला. बिघडवायला वरखर्च करून ती कमी किमतीत विकली. पण त्याच पेपरचा दुसरा निष्कर्ष विसरू नका, काही परिस्थितीत अशा बिघडवलेल्या मालामुळे सगळ्यांचाच फायदा होऊ शकतो, कारण ज्याला महाग माल परवडलाच नसता त्यालाही काहीतरी मिळतं. मला हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा आवडला नव्हता. आवडला नाही म्हणून तो प्रबंधातून गाळता येत नाही.

तिसरी शक्यता दादर स्टेशनवर रोज दिसते. लोकलचा फर्स्ट क्लास घ्या. इंजिन तेच, रूळ तेच, परळला पोचायची वेळही तीच. गादीची सीट सोडली तर तुम्ही मुख्यतः काय विकत घेता? तिकीट महाग असल्यामुळे न आलेली माणसं. गणितज्ञ अँड्र्यू ओड्लिझ्को यांनी नव्वदच्या दशकात इंटरनेटच्या गर्दीवर हाच उपाय सुचवला आणि त्याला पॅरिस मेट्रोचं नाव दिलं. पॅरिसच्या मेट्रोत १९९१ पर्यंत दोन वर्ग होते, डबे जवळपास सारखेच, फरक दराचा. दर जास्त म्हणून गर्दी कमी, गर्दी कमी म्हणून दर द्यायला लोक तयार. इथे खालचा डबा कोणी मुद्दाम बिघडवलेला नाही. पण वरच्या डब्यानं व्यापलेली जागा कोणाच्या वाट्याची, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न मुंबईत २०२२ मध्ये रुळांवर उतरला. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवली-चर्चगेट मार्गावर धावली. सुरुवातीला दर इतके होते की लोक फिरकेनात. मे २०२२ मध्ये एकेरी तिकीट साधारण निम्म्यावर आणलं (पासचे दर तेव्हा उतरले नाहीत) आणि प्रवासी वाढले. मग मध्य रेल्वेनं ऑगस्टमध्ये आणखी दहा एसी फेऱ्या सुरू केल्या. त्या जादा नव्हत्या, आधीच्या साध्या फेऱ्यांच्या जागी होत्या. कळव्याला आणि बदलापूरला प्रवासी उतरले, आंदोलन झालं आणि २५ ऑगस्टपासून त्या दहा फेऱ्या पुन्हा साध्या झाल्या.

बातम्यांत चर्चा झाली ती "एसी परवडते की नाही" यावर. माझ्या मते खरी गोष्ट वेगळी होती. साध्या पासवाल्याचा दर एक रुपयानंही वाढला नव्हता. त्याची बसायची सीट कोणी काढली नव्हती, कारण ती त्याला आधीही मिळत नव्हती. त्याची गेली ती ठरलेल्या वेळेची गाडी. ही सोय तिकिटावर किंवा पासावर कुठेही छापलेली नसते, त्यामुळे ती काढून घेतली गेल्याची नोंदही कुठल्या दरपत्रकात होत नाही. सोयींची यादी करून "पूर्वी आणि आता" अशी तुलना करणारा संशोधक इथे हमखास चुकतो. यादीत नसलेली सोय त्याच्या तक्त्यात येतच नाही.

मग ती मोजायची कशी? कागद घ्या. आकडे कल्पित आहेत, फक्त रीत बघा. समजा गर्दीच्या वेळी तीन साध्या लोकल लागोपाठ येतात आणि प्रत्येकीत ४,००० माणसं असतात. मधली एसी केली. तिच्या ४,००० पैकी १,५०० जणांनी जास्तीचे पैसे भरले. उरलेले २,५०० मागच्या-पुढच्या गाड्यांत निम्मे निम्मे शिरले. त्या दोन्ही गाड्यांत आता ५,२५० माणसं, म्हणजे सुमारे ३१ टक्के वाढ. आता गृहीतक बदला. शेजारच्या गाड्यांतूनही काही जण एसीत आले तर? ते किती आले की वाढ शून्य होईल? हे दोन ओळींचं बीजगणित आहे, करून बघा, उत्तर मी देत नाही. मुंबईच्या लोकलसाठी रेल्वेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असा शब्दप्रयोग आहे, एका चौरस मीटरमध्ये उभी १४ ते १६ माणसं. अशा डब्यात ३१ टक्के वाढ म्हणजे काय, ते दादरला सकाळी चढणाऱ्याला समीकरणाशिवाय कळतं.

म्हणजे निरीक्षण करायचं ते एसी लोकलच्या आतलं नाही, तिच्या आधीच्या आणि नंतरच्या गाडीतलं. एसी भरून जाते की रिकामी, यावर भांडणारे दोन्ही पक्ष चुकीच्या डब्यात माणसं मोजत असतात.

हे सगळं आजचंच आहे असं समजू नका. सप्टेंबर १९१७ मध्ये गांधीजी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गानं गेले आणि त्या प्रवासाबद्दल त्यांनी वर्तमानपत्रांना लिहिलं. त्यांचा प्रश्न प्रमाणाचा होता. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त, मग तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या सोयींचा एक पंचमांश तरी मिळतो का? शिवाय वरच्यांच्या चैनीचा पैसा खालच्यांच्या भाड्यातून येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे तपासता येण्यासारखं विधान आहे आणि त्यासाठी वर्गवार उत्पन्न व खर्च लागतो. (जाता जाता: मे २०२२ च्या कपातीत लोकलच्या फर्स्ट क्लासचं किमान भाडं ५० वरून २५ रुपयांवर आलं, सेकंडचं किमान ५ रुपये. पुन्हा पाचपटच. योगायोग आहे, त्यावर प्रबंध लिहू नका.)

१९७४ मध्ये तिसरा वर्ग कागदावर संपला आणि त्यालाच दुसरा वर्ग म्हणू लागले. पाटी बदलली, लाकूड तेच राहिलं. खरा बदल १९७७ नंतर झाला. तो करणारे रेल्वेमंत्री मधु दंडवते हे राजापूरचे खासदार आणि फोर्टच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलेले प्राध्यापक. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंचांचा फोम बसवायला लावला. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, तिच्यात पहिला वर्गच नव्हता.

सायन्सवाल्यांनो, हा द्युप्युईच्या सिद्धांतावरचा जवळपास प्रयोगच आहे. कुंपण काढलं. आता सिद्धांत खरा असेल तर वरच्या वर्गातले काही लोक खाली सरकायला हवेत आणि उत्पन्नाला फटका बसायला हवा. रेल्वेच्या वार्षिक आकडेवारीत वर्गवार प्रवासी आणि उत्पन्न छापलेलं असतं. अडचण एवढीच, की फोम सगळ्या गाड्यांना एका दिवसात बसला नाही, आणि त्याच काळात बाकीही बरंच बदलत होतं. पण याच अडचणीत संधीही आहे. ज्या मार्गावर फोम आधी आला तो आणि ज्यावर उशिरा आला तो, अशी तुलना जमली तर एमएस्सीच्या एका विद्यार्थ्याचं वर्ष कारणी लागेल.

एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण या विषयावर वाचायला लागलात की हा पेपर पहिल्या तासात सापडेल. २०१६ मध्ये डिसेल्स आणि नॉर्टन यांनी दाखवलं, की ज्या विमानात फर्स्ट क्लास असतो तिथे इकॉनॉमीत भांडणतंटा होण्याची शक्यता ३.८४ पट असते. पुढच्या दारानं, फर्स्ट क्लासमधून चालत आत यावं लागलं तर आणखी जास्त. निष्कर्ष मनाला पटतो, म्हणून जगभर छापून आला. त्याच वर्षी क्रेडे, गेलमन आणि निकरसन यांनी त्याच नियतकालिकात त्यावर आक्षेप घेतले. फर्स्ट क्लास असलेली विमानं मुळातच वेगळी असतात, वेगळ्या मार्गांवर उडतात. काही चल सांख्यिकीनं वजा केले म्हणून विमानं सारखी होत नाहीत. शिवाय मूळ डेटा एका विमान कंपनीचा, नाव गुप्त, बाहेरच्यांना तपासायला खुला नाही. मी पहिल्या वर्षी हा पेपर सेमिनारमध्ये मोठ्या उत्साहात मांडला होता, आक्षेप न वाचता. तिसऱ्या स्लाइडला मार्गदर्शकांनी विचारलं, "विमानाचा आकार?" आणि मी गप्प.

आजीच्या सीटचं काय? एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं विमान कंपन्यांना सांगितलं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच बुकिंगवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाशेजारी सीट द्यायची. म्हणजे शेजारी बसणं ही मुलांसाठी पुन्हा तिकिटातली गोष्ट झाली. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांसाठी तसं काही त्यात नाही. बारा हीच रेघ का, हे मी आजीला सांगू शकलो नाही.

तुम्हाला लोकलवर काम करायचं असेल तर एक विनंती. एसीसाठी कुठली साधी फेरी गेली, हे कळायला जुनं वेळापत्रक लागतं. ते स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर मिळायचं, खिशात मावणारं. नवं आलं की जुनं रद्दीत जातं. घरात २०१७ च्या आधीचं एखादं सापडलं, तर आधी त्याच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.