सांध्यावरची सागपट्टी

नवं घर बांधून पहिला उन्हाळा उलटला की दाराच्या चौकटीला लागून गिलाव्यात एक बारीक भेग दिसू लागते. लांबी भरा, रंग द्या, पुढच्या वर्षी ती पुन्हा तिथेच. उटनूरच्या हवेत तर ती ठरलेलीच. आदिलाबाद जिल्ह्यात हिवाळ्यात पारा एक आकडी होतो, मे महिन्यात पंचेचाळिशी गाठतो आणि श्रावणात कपाटातल्या कपड्यांनाही दमट वास येतो. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. सिमेंट त्या मानाने जागचं हलत नाही. मधली जागा उघडी पडणारच. त्या जागेवर बसवलेली लाकडी पट्टी ही घराच्या सजावटीची खरी सुरुवात. नक्षीचा विचार त्यानंतर.

आपल्याकडे सध्या उलटं चाललंय. दिवाणखान्याची एक भिंत निवडायची, तिच्यावर एमडीएफच्या चौकोनी पट्ट्या डकवायच्या आणि दाराभोवतीची भेग तशीच ठेवायची. साधा एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू चिकटद्रव्यात दाबून केलेली फळी. एकदा ओल लागून तिची कड फुगली की परत बसत नाही. आणि हे सगळं कुठे, तर कवालचं सागाचं जंगल शेजारी असलेल्या गावात.

जंगलातला साग तोडायचाही प्रश्न नाही. जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं घर उभं राहतं तेव्हा खांब, तुळया, वासे अंगणात येऊन पडतात. त्यातलं कितीतरी लाकूड सरपणात जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ताज्या कापलेल्या सागाची १०० मिलिमीटर रुंद फळी पूर्ण सुकेपर्यंत ५ मिलिमीटरपर्यंत आकसू शकते; लांबीत मात्र फरक जवळजवळ पडत नाही. जुन्या तुळईचं हे आकसणं कधीच होऊन गेलेलं असतं. ऋतूबरोबर होणारी थोडी हालचाल तेवढी उरते. खांबाला तडे गेले असतील, जमिनीतलं टोक कुजलं असेल, तरी पट्टीसाठी अडीच इंच रुंद आणि अर्धा इंच जाड लाकूड त्यातून निघतंच. गाभ्याचा तपकिरी भाग घ्यावा. सालीजवळच्या पांढरट लाकडाला वाळवी सोडत नाही. करवतीवर चढवण्याआधी जुने खिळे शोधून काढायचे, नाहीतर पातं गेलं म्हणून समजा. निर्मलच्या खेळण्यांसाठी वापरतात ते पोनिकीचं लाकूड कोरायला सुरेख, पण फार मऊ. दारापाशी खुर्चीचा धक्का त्याला सोसणार नाही.

आता ती पट्टी बसते कशी ते पाहू. गिलावा कधीच पूर्ण सपाट नसतो. म्हणून जाणता सुतार पट्टीच्या पाठीमागून मधोमध रंधा मारून तिला किंचित पोकळ करतो. मग तिच्या दोन्ही कडा नीट टेकतात. ती खिळायची चौकटीला, भिंतीला नाही. दोन्हीकडे जखडली की भेगेची ओढ पट्टीवर येते आणि पट्टीच चिरते. सागाला आधी ड्रिलने बारीक भोक पाडावं, त्यात बिनडोकी खिळा बसवावा. जवसाचं उकळलेलं तेल किंवा पॉलिश मागच्या बाजूलाही लावावं. एकाच अंगाला लावलं तर दुसरं अंग ओल धरतं आणि पट्टीला बाक येतो.

कोपऱ्याचा जोड हल्ली ४५ अंशांत कापतात. पहिल्या दिवशी तो देखणा दिसतो. पण लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत नाही, त्यामुळे कोरड्या दिवसांत त्याची आतली बाजू उघडते. जुन्या घरांच्या चौकटीत वरचा आडवा तुकडा उभ्यांवर सरळ ठेवलेला आणि दोन्ही बाजूंना थोडा पुढे आलेला असतो. पट्टीतही तीच रचना करावी: थोडी हालचाल झाली तरी डोळ्याला कळत नाही, आणि मध्यभागी गणेशपट्टीला आपोआप जागा मिळते. दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात बांधलेला विश्रामबागवाडा पाहिलात तर कोरीवकाम कुठे कुठे आहे ते लक्ष देऊन पाहा. खांबाच्या माथ्यावर, खांब आणि तुळई मिळते त्या कोपऱ्यात, सज्जाखालच्या हातांवर. लाकडाला लाकूड भिडतं तिथे कारागिराचा हात रेंगाळला आहे.

तळमजल्यावर भिंतीच्या पायाशी लाकडी स्कर्टिंग मात्र लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण फरशी रोज ओल्या फडक्याने पुसतो आणि वाळवीही जमिनीतूनच येते. खाली तांदूरच्या फरशीची चार इंच पट्टी आणि हवीच असेल तर तिच्यावर सागाची बारीक गोल पट्टी, एवढं पुरे. छताला तक्तपोशी करायची असेल तर फळ्यांमधल्या प्रत्येक सांध्यावर पट्टी येतेच, वेगळ्या नक्षीची गरज राहत नाही.

दुसऱ्याच्या पाडलेल्या घराचं लाकूड विकत घेणार असाल तर ते हलवण्याआधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारून घ्या. सागाच्या वाहतुकीला परवाना लागतो. काम दिवाळीनंतर काढावं. पट्ट्या ज्या खोलीत लावायच्या त्याच खोलीत दोन-तीन आठवडे आडव्या, मध्ये चिपा घालून ठेवाव्यात आणि पहिल्यांदा एकच दार करून एक पावसाळा पाहावा. त्याचे जोड टिकले तर बाकीची दारं त्याच सुताराकडे द्यावीत.