नवे ब्रेक पॅड आणि राजूर घाट

लोणारहून मेहकर, चिखली, बुलडाणामार्गे मलकापूरला माल नेणाऱ्या गाडीला राजूर घाट उतरावाच लागतो. काल पॅड बदललेली गाडी आज भरून थेट तिथे नेणे धोक्याचे आहे. पॅडमधले कण राळेने बांधलेले असतात. ती पहिल्यांदाच फार तापली की वायू सुटतो, पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये शिरतो आणि पाय दाबूनही गाडी आवरत नाही.

म्हणून पॅड आधी बसवून घ्यावेत. मोकळ्या, सपाट रस्त्यावर रिकामी गाडी ताशी ५० किलोमीटरवरून सावकाश १० पर्यंत आणावी, पूर्ण थांबवू नये. मग अर्धा-एक किलोमीटर ब्रेक न लावता चालवून हवा लागू द्यावी. असे आठ-दहा वेळा. (शर्यतीवाले हेच अधिक वेगात करतात.) यामुळे पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा चढतो, खरी पकड त्या थराचीच. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिल्यास तिथे डाग पडतो, पुढे ब्रेक लावताना गाडी थरथरते. पाकिटावर कंपनीची वेगळी सूचना असेल तर तीच पाळावी.

सुलतानपूरपर्यंत जाऊन येण्यात काम उरकते. गॅरेजवाल्यांनी हा फेरा मजुरीतच धरावा. ग्राहक कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.