गट नको, देश सांगा

बाजूने ४८, विरोधात शून्य, तटस्थ ८. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये झालेल्या मतदानाचा हा हिशेब. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या मुलांबरोबर मी बसलो होतो, तेव्हा फळ्यावर एवढेच लिहिलेले होते. त्याखाली शिकवणाऱ्या मॅडमनी तटस्थ राहिलेल्यांची नावे लिहिली: सोव्हिएत संघ, युक्रेन, बायलोरशिया, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया, सौदी अरेबिया, दक्षिण आफ्रिका.

“कम्युनिस्ट गट,” एक मुलगा लगेच म्हणाला. सहा नावांपुरते ते बरोबर होते. मग युगोस्लाव्हियापाशी मॅडमचा खडू थांबला. त्याच वर्षी जूनमध्ये स्टालिनने या देशाच्या पक्षाला कॉमिनफॉर्म या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेतून बाहेर काढले होते. तरी डिसेंबरात दोघांचे मत एकच. दक्षिण आफ्रिकेचे कारण सोपे होते. तिथे मे १९४८मध्ये नॅशनल पार्टी निवडून आली होती आणि वर्णभेद हेच सरकारी धोरण होऊ घातले होते. सौदी अरेबियाचा मुख्य आक्षेप होता धर्म बदलण्याच्या स्वातंत्र्यावर आणि विवाहातल्या समान हक्कांवर. “म्हणजे मुस्लिम देश,” कोणीतरी म्हणाले. मॅडमनी बाजूने मत देणाऱ्यांत पाकिस्तान, इजिप्त आणि सीरिया दाखवले. “गट नको, देश सांगा,” त्या म्हणाल्या. पुढचा तासभर मुले एकेका देशाची १९४८ सालातली परिस्थिती मांडत राहिली.

आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यास म्हटला की लोकांना शिखर परिषदा आणि टीव्हीवरचे तज्ज्ञ आठवतात. खरे काम असे चालते. आकडा घ्यायचा, तो फोडायचा, प्रत्येक तुकड्यामागचा इतिहास शोधायचा आणि हाताशी आलेले पहिले उत्तर तपासल्याशिवाय पुढे जायचे नाही. प्रदेशाच्या अभ्यासाची गरज इथेच पडते. मत सारखे असले तरी त्यामागची कारणे ज्या त्या मातीतली असतात.

हे काम बडोद्याच्या सयाजीगंज भागात चालते याला अर्थ आहे. स्टेशनातून या बाजूला बाहेर पडले की थोड्याच अंतरावर कला शाखेचा घुमट दिसतो. १८८१ साली सुरू झालेले बडोदा कॉलेज ते हेच. १९४९मध्ये त्याचे विद्यापीठ झाले आणि पहिल्या कुलगुरू झाल्या हंसा मेहता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात फक्त पुरुषांचा उल्लेख येऊ नये, सर्व माणसांचा यावा, हा आग्रह त्यांनी धरला आणि तो मान्य झाला. विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे.

त्याच ग्रंथालयात बसून एक मुलगी १९७२च्या युगांडावर लघुशोधप्रबंध लिहीत होती. तिच्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये ‘युगांडातून हाकललेले भारतीय’ असे होते. मार्गदर्शकांनी ‘भारतीय’ला गोल करून समोर लिहिले, ‘कोण?’ तिचे पुढचे सगळे काम या एका प्रश्नावर उभे राहिले. युगांडा स्वतंत्र झाला ९ ऑक्टोबर १९६२ रोजी. त्यानंतर नागरिकत्वासाठी दोन वर्षांची मुदत होती. काहींनी अर्ज केला, काहींनी ब्रिटिश पासपोर्ट ठेवला, काहींकडे भारतीय पासपोर्ट होता आणि काहींचे कागद अर्धवटच राहिले. ऑगस्ट १९७२मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले, तेव्हा कोण कुठे जाणार हे या कागदांवर ठरले. सुमारे २८ हजार माणसे ब्रिटनला गेली. कुठलेच नागरिकत्व न उरलेल्या काहींना युरोपातल्या निर्वासित छावण्यांत राहावे लागले.

तिच्याबरोबर मी शहरातल्या एका वयस्क गृहस्थांकडे गेलो. त्यांनी कपाटातून दोन पासपोर्ट काढले: वडिलांचा भारतीय, भावाचा ब्रिटिश. “काका, फोटो काढू?” असे विचारून तिने आधी होकार घेतला. मग दोन्हींवरचे ठिकाण, तारीख आणि नागरिकत्वाचा प्रकार वहीत उतरवला. एका घरातली माणसे दोन खंडांत का विखुरली, ते त्या दोन नोंदींतून समजत होते. वडील बडोद्याला आले, भाऊ ब्रिटनमधल्या लेस्टरला गेला. लेस्टरच्या नगरपालिकेने सप्टेंबर १९७२मध्ये ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरात देऊन लोकांना तिथे येऊ नका असे सांगितले होते. त्या जाहिरातीची प्रत मुलीने दाखवली. काका म्हणाले, “वाचली होती ना. पण ओळखीची माणसं तिथंच होती, मग दुसरीकडे कुठे जाणार?” घरी येऊन तिने त्यांनी सांगितलेली प्रत्येक तारीख छापील नोंदींशी ताडून पाहिली. आठवण आणि कागद समोरासमोर ठेवले, तेव्हा तिचे प्रकरण उभे राहिले.

असा अभ्यास किती रुंद असावा लागतो, याचे उदाहरण बडोद्याच्याच इतिहासात आहे. १९१३मध्ये महाराजा सयाजीरावांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तिथे अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेताना त्यांनी इतिहासाचे ११ घेतले, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्रही घेतले आणि जोडीला प्राथमिक फ्रेंच व जर्मन. तेच आंबेडकर १९१७मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहत्या जागेतून हाकलण्यात आले. ज्या कमाटीबागेत ते हताश होऊन बसले, ती आजची सयाजीबाग याच सयाजीगंजात आहे. जगाचा अभ्यास करणाऱ्याने आपल्या शहराचा हा हिशेबही पाठ ठेवला पाहिजे.

अभ्यासाच्या या रुंदीत माझा आग्रह भाषेचा आहे. याच कला शाखेत फ्रेंच, जर्मन, रशियन, अरबी आणि फारसी शिकवली जाते. आखाती देशांवर प्रबंध लिहिणाऱ्याने अरबीच्या वर्गात बसायला हवे, मध्य आशियावर लिहिणाऱ्याने रशियनच्या. नाहीतर तो प्रदेश कायम दुसऱ्याने इंग्रजीत सांगितलेलाच कळणार. सगळे जग दोन वर्षांत शिकून होत नाही. एक प्रदेश आणि त्या प्रदेशाची एक भाषा मात्र मनापासून सुरू करता येते. विद्यापीठाने याला परीक्षेत गुण द्यावेत आणि विद्यार्थ्यांनी गुणांची वाट न पाहता सुरुवात करावी.