हरितेच्या दोन पिढ्या

पावसाळा सुरू झाला म्हणजे जुन्या विटांच्या भिंतींवर हिरवी मखमल पसरते. लोक तिला सरसकट शेवाळ म्हणतात. परंतु तळ्यातील शेवाळ निराळे आणि ही वनस्पती निराळी. हिला हरिता असे नाव आहे. तिचाच फ्युनेरिया नावाचा प्रकार डोंगराळ प्रदेशात ओल्या भिंतींवर व जळलेल्या जमिनीवर आढळतो.

हे रोप एक-दोन सेंटिमीटर उंच असते. त्यास खरी मुळे नसतात. बारीक तपकिरी तंतू त्यास जमिनीशी धरून ठेवतात. पानाची जाडी, मधली शीर सोडल्यास, एकाच पेशीची असते. वृक्षांप्रमाणे लाकडी जलवाहिन्या नसल्यामुळे हरिता सर्वांगाने पाणी पिते.

पाण्यावाचून तिचा वंशही वाढत नाही. एका फांदीच्या शेंड्यावर नर-पेशींच्या पिशव्या असतात, तर दुसऱ्या फांदीवर सुरईच्या आकाराचे, अंडपेशी असलेले कलश. नर-पेशीस चाबकासारखे दोन केस असतात व तिला पोहतच कलशापर्यंत जावे लागते. त्यासाठी पावसाच्या पाण्याचा पातळ थर पुरतो. हरितेच्या नर-पेशी उसातील साखरेकडे ओढल्या जातात, हे जर्मन शास्त्रज्ञ फेफर यांनी १८८४ साली दाखविले.

फलित अंडपेशी मातेस सोडून जात नाही. तिच्यापासून लांब देठ व त्यावर बोंड तयार होते. हे बोंड रोपाचे फळ नव्हे. मातेच्या माथ्यावर उभी राहिलेली ती दुसरी पिढीच होय. कोवळेपणी हिरवे असल्याने ते थोडेफार अन्न स्वतः करते, परंतु पाणी व क्षार मातेकडूनच घेते. पिढ्यांचा हा फेरा १८५१ साली विशद केला तो हॉफमायस्टर यांनी. ते विद्यापीठात शिकलेले नव्हते; लाइपझिगमधील वडिलांच्या पुस्तकांच्या व्यवसायात ते काम करीत! हरितेच्या नात्यातील यकृतका या वनस्पतींतही असाच फेरा चालतो.

पिकलेल्या बोंडाचे झाकण गळून पडते. आत दातांच्या दोन रांगा असतात, प्रत्येकीत सोळा. कोरड्या हवेत बाहेरचे दात वळतात व बीजुके उधळली जातात. दमट हवेत तोंड मिटते. वाळलेल्या देठावर आपण हळूच उच्छ्वास सोडला, तर तोही पीळ घेऊ लागतो.

ओल्या मातीवर पडलेल्या बीजुकातून प्रथम रोप निघत नाही, तर फांद्या फुटणारा हिरवा तंतू निघतो. या अवस्थेत तिला शेवाळ म्हणणाऱ्यास दोष देणे कठीण. भिंगातून पाहणाराही क्षणभर फसतो. पुढे त्या तंतूंवर कळ्या धरतात आणि प्रत्येक कळीतून एकेक रोप वर येते.