रातराणी रात्रीच का दरवळते? वासाने खरंच साप येतो का? जाणून घ्या कारण

पाचोड (ता. पैठण) : पाचोड म्हटलं की मोसंबी. बागेला बहार फुटला की दिवसभर घमघमाट आणि मधमाश्यांची गुणगुण. पण दारातली रातराणी दिवसभर गप्प असते आणि दिवेलागणीनंतर अख्ख्या गल्लीत दरवळते. निशिगंध, ब्रह्मकमळ, पारिजातक यांचाही खेळ रात्रीचाच. असं का?

वास म्हणजे आमंत्रण
फळ-बी धरायची तर एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलावर पोहोचावे लागतात. मोसंबीचं हे काम मधमाश्या दिवसा करतात. रातराणीची भिस्त रात्री उडणाऱ्या पतंगांवर असते. अंधारात लाल-निळा रंग दिसत नाही, म्हणून ही फुलं बहुधा पांढरी किंवा फिकट असतात आणि लांबून वासाने बोलावतात. वास तयार करायला झाडाची ताकद खर्च होते. गिऱ्हाईक रात्रीचं असताना दिवसा दुकान उघडून काय उपयोग? शिवाय रात्री ऊन नसल्याने नाजूक फूल लवकर सुकत नाही.

चार्ल्स डार्विनने 1862 मध्ये मादागास्करचं एक पांढरं फूल पाहिलं. त्याचा मध जवळपास फूटभर लांब नळीच्या तळाशी होता. तेवढ्या लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे, असं तो म्हणाला. लोक हसले. 1903 मध्ये तसा पतंग नोंदला गेला.

ड्रॅगन फ्रूटवाल्यांनी लक्ष द्यावं
मराठवाड्यात काही शेतकरी ड्रॅगन फ्रूट घेतात. त्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मिटतं. म्हणजे हाती एकच रात्र. काही जातींना दुसऱ्या जातीचे परागकण लागतात. पतंग कमी असतील तर फळधारणा घटते. अशा वेळी रात्री किंवा पहाटे मऊ ब्रशने परागकण लावतात.

फवारणीची वेळही फुलावर ठरते. मोसंबी फुलात असताना फवारणी टाळलेली बरी. करावीच लागली तर मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी. ड्रॅगन फ्रूटचं उलटं आहे. फूल उमललेलं असताना संध्याकाळी फवारलं तर कामाचे पतंगच मरतील.

साप येतो का?
रातराणीच्या वासाने साप येतो, असं घरोघरी सांगतात. साप वासाला भुलत नाही. मात्र झुडूप दाट असतं, खाली गारवा असतो, किड्यांमागे बेडूक आणि पाली येतात, आणि त्यांच्यामागे साप येऊ शकतो. म्हणून झुडूप छाटून, बुंधा मोकळा ठेवा आणि रात्री बॅटरीशिवाय जवळ जाऊ नका.

खरा धोका वेगळाच आहे. रातराणीची पानं आणि पांढरी बारीक फळं विषारी असतात. लेकरं ती तोंडात घालणार नाहीत आणि शेळ्या-गुरं पाला खाणार नाहीत, एवढी काळजी घ्या.